एमएसडब्ल्यू म्हणजे नुसती समाजसेवा?

प्रश्न : मुलीचं बी.ए. झालं. आता एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं म्हणते. दोन वर्षं शिकवतात तरी काय? – एक पालक, तासगाव

उत्तर : व्यक्ती सहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन, प्रशासन हे चार सत्रांत येतंच. खरा कस लागतो क्षेत्रकार्यात. बहुधा आठवड्यातले दोन दिवस रुग्णालय, शाळा, नाहीतर हंगामात ऊसतोड मजुरांचा तळ. परतल्यावर अहवाल, आणि मुलं अडकतात ती इथेच. 'समुपदेशन केले' एवढं लिहून मोकळी! मार्गदर्शकाला हवं असतं ते वेगळंच : तिथे भेटलेली बाई काय बोलली, कुठे गप्प झाली, त्यावर तुम्ही काय विचारलं. हे त्याच रात्री उतरवावं. आठवड्याने फक्त सारांश उरतो. प्रवेशाआधी क्षेत्रकार्यासाठी कोणत्या संस्थांत पाठवतात, हे महाविद्यालयात जरूर विचारा. फीपेक्षा आधी.