तंबूतला डबा आणि आगोटीची बेगमी

थंडी पडली की काशीद, गुहागर, तारकर्लीला तंबूत राहायला निघालेल्यांचे प्रश्न येतात आणि मे उजाडला की आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर करायच्या साठवणीच्या खरेदीचे. आहारतज्ज्ञ म्हणून दोन्हीकडे मला एकच घोळ दिसतो: पैसे वाचवायच्या नादात कुठली वस्तू किती तास टिकते, हे कुणी बघत नाही. म्हणून ही उत्तरं एकत्र देत आहे.

आम्ही चौघं गुहागरला दोन रात्री तंबूत राहणार आहोत. रोज हॉटेलात जेवणं परवडणार नाही. काय न्यावं?

तांदूळ, पातळ पोहे, कुळथाचं पीठ, आमसुलं, लसूण, कांदे आणि अख्खा नारळ. माणशी एका जेवणाला 80 ग्रॅम तांदूळ आणि 30 ग्रॅम पीठ धरा. घरीच मोजून पुड्या बांधा. नारळ मात्र खवून नेऊ नका. करवंटीत तो टिकतो, खवलेला उन्हात लगेच आंबतो.

'गरम पाणी ओता आणि खा' अशी पाकिटं स्वस्त पडतात का?

नाही. पुढच्या बाजूला 'दोघांसाठी' लिहिलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरात निव्वळ वजन. किंमत 100 ग्रॅमला किती पडते ते काढा, मग घरातल्या रव्याशी ताडून बघा. सोडियमही वाचा: दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ. रवा भाजून, त्यात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि मीठ घालून डब्यात भरला की उपम्याचं तेच पाकीट घरी तयार होतं.

सकाळी घरून भात शिजवून नेला तर गॅस वाचतो. संध्याकाळी तंबूत फोडणी देऊन खाल्ला तर चालेल ना? आमच्याकडे शिळा भात पिढ्यान्‌पिढ्या खातात.

चालणार नाही. हा प्रश्न दर हंगामात येतो, म्हणून सविस्तर सांगते. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळीतही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. तुमच्या फोडणीने जिवाणू मरतील, पण उलट्या घडवणारं ते विष उष्णतेला दाद देत नाही. भाताला वास येत नाही, तार सुटत नाही, चवही बदललेली नसते. त्यामुळे 'वास घेऊन बघितला' याला काही अर्थ नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, म्हणजे नेमक्या मध्यरात्री, किनाऱ्यावर, दवाखाना लांब असताना.

शिजलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त राहू देऊ नये. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. गाडीच्या डिकीत दुपारी काय होत असेल, ते तुम्हीच बघा. पिढ्यांचा दाखला मला देऊ नका. तेव्हाही पोटं बिघडायची, फक्त 'बाधलं' म्हणून सोडून द्यायचे. वाचणारा गॅस किती, आणि सलाईनचा खर्च किती? तांदूळ कोरडे न्या, तिथे मऊ भात करा, गरम असतानाच संपवा. लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसाला उलट्या लागल्या, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

कुळथाचं कढण रोज घेतल्याने मुतखडा विरघळतो का?

कुळीथ स्वस्त आहे, प्रथिनांनी भरलेला आहे, जरूर खा. पण कढणाच्या भरवशावर सोनोग्राफी लांबवू नका, आणि कंबरेत कळ येऊन ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सुकी मासळी स्वस्त पडते, पण सासऱ्यांना रक्तदाब आहे. काय करू?

बोंबील आणि जवळा बहुधा मीठ न लावता वाळवतात, खारा बांगडा मात्र मिठातच मुरवलेला असतो. सासऱ्यांसाठी खारा बांगडा बंद. बोंबील गरम पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, आठवड्यातून एखाद्या वेळी थोडे द्या आणि त्या दिवशी लोणचं-पापड नको. घेताना बोटाने दाबून बघा. ओलसर मासळी वजनाला जास्त भरते आणि महिन्याभरात तिला बुरशी धरते, म्हणजे पैसे दोनदा गेले. बाकी दिवस चवळी, वाल, कुळीथ आलटूनपालटून लावा. 'कमी सोडियमचं' मीठ परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं. आधी त्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा.

पाऊस आला तर शेगडी तंबूच्या आत पेटवली तर चालेल का?

कधीही नाही, दार उघडं ठेवूनही नाही. त्या रात्री दडपे पोहे खा.