आमदारांच्या कार्यअहवालात आमच्या शाळेला निधी दिल्याचं छापलंय. ते खरं मानावं का? आणि झेडपीच्या निवडणुकीत ते बघून मत द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की अहवालात गावच्या शाळेपुढे बारा लाखांचा आकडा आहे आणि मास्तर म्हणतात खडूला पैसे नाहीत, मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. दोन्ही पैसे वेगळ्या खिशातले आहेत.

आमच्याकडेही तो अहवाल आला, दिवाळीत उटण्याच्या पुडीबरोबर. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हात जोडलेला फोटो, आणि आत एका पानावर आमची शाळा: 'वर्गखोली क्र. ४ बांधकाम'. मी तीन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो. आमच्या शाळेला खोल्या तीनच आहेत. हे वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

आधी खडूचं सांगतो. मास्तर बोलतायत ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या अनुदानाबद्दल. ते पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, त्याच्या वर शंभरपर्यंत २५ हजार. आमचा पट ३४, म्हणजे चार पोरं शहरात गेली की पंधरा हजार गेले. त्यातच खडू, झाडू, लाईटबिल, नळाची तोटी. तेही वेळेवर येत नाही. आता तर खात्यात पैसे पडतच नाहीत, नुसती खर्चाची मर्यादा येते, ती मार्चच्या तोंडावर, आणि ३१ मार्चला उरलेली परत जाते. एका वर्षी मी आणि हेडमास्तर दोन दिवस सह्या करत बसलो होतो.

खोलीचा पैसा याच्याशी संबंध नसलेला. आमदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, पण तोही आमदारांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, पैसा जिल्हाधिकाऱ्यांकडून काम करणाऱ्या खात्याकडे जातो. जिल्हा नियोजन समितीचा पैसा तर त्यांचा नसतोच, समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. अहवालात मात्र सगळ्यापुढे एकच क्रियापद असतं: आणला.

आता आमची खोली. जून २०२२, शाळा उघडून आठवडा झाला होता. कौलारू खोली, माझ्या वडिलांच्या वेळची. मागची भिंत गाभण गाईसारखी बाहेर फुगली होती आणि आढ्याखाली पाणी धरायला बादली ठेवलेली. तिसरी-चौथीची पोरं आम्ही मारुतीच्या देवळात नेऊन बसवली. दुपारी भजनी मंडळ आलं की पोरं उठायची.

जुनी खोली नुसती पाडता येत नाही. आधी तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे सरकारी नोंदीतून ती कमी करावी लागते. समितीचा ठराव, मग अभियंता येऊन बघणार, मग प्रस्ताव पंचायत समितीत, तिथून झेडपीत. ऑगस्टमध्ये आम्ही ठराव केला. लिहिणारा मीच, अक्षर बरं म्हणून. त्या दिवशी पाऊस होता, लाईट नव्हती, आणि मी खोल्या मोजताना किचन शेडही धरली. धोकादायक खोली क्रमांक तीनच्या जागी चार झाली. 'निर्लेखन' लिहिताना शेवटी 'ण' काढला. ही चूक लक्षात ठेवा.

त्यानंतर पंचायत समितीच्या पायऱ्या मी किती वेळा चढलो ते मोजलं नाही, पण एका पावसाळ्यात चप्पल दोनदा शिवून घेतली. पूर्वी कसं होतं, आमच्या गटाच्या झेडपी सदस्या बाई शेजारच्या गावात राहायच्या. काम अडलं की सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन बसायचं. त्या सभेत उठून विचारायच्या, अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. फार कर्तबगार होत्या असं नाही, पण सापडायच्या. मार्च २०२२ मध्ये झेडपीची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि प्रशासक आले. म्हणजे झेडपीत सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी), पंचायत समितीत बीडीओ (गटविकास अधिकारी). फाईल मांडणारे ते, मंजूर करणारेही तेच. विचारायचं कुणाला? राज्यघटनेत पाच वर्षांच्या आत निवडणूक घ्या असं स्पष्ट लिहिलेलं असताना साडेतीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, कोर्ट, सगळं मला ठाऊक आहे. पण भिंत फुगायची थांबली नाही.

आणि हे फक्त मानापमानाचं नाही. निवडून आलेलं मंडळ नसेल तर केंद्राकडून येणारा पंधराव्या वित्त आयोगाचा वाटा मिळत नव्हता, त्यामुळे झेडपी आणि पंचायत समितीचे पैसे थांबले. जिल्हा नियोजन समितीत किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेले हवेत. ते निवडून देणाऱ्या संस्थाच रिकाम्या होत्या. मग यादी कोण करणार? ज्याचं पत्र वजनदार तो. म्हणून आमदारांचे अहवाल एवढे जाड झालेत. खुर्च्या रिकाम्या होत्या, बसायला माणूस एकच.

शेवटी आम्हीही तिथेच गेलो. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, आमदारसाहेबांचे जुने कार्यकर्ते. "तुझ्या कमिटीला कुत्रं विचारत नाही," हे त्यांचं वाक्य मी लग्नकार्यात, बारशात, एकदा तर तेराव्यालाही ऐकलंय. ठरावाची झेरॉक्स घेतली आणि त्यांच्या हातात दिली. जानेवारी २०२३ मध्ये साहेबांचं शिफारसपत्र गेलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. 'खोली क्र. ४ चे निर्लेखण'. चारही तोच, 'ण'ही तोच. म्हणजे पत्राचा मजकूर देवळाच्या ओट्यावर कंदिलाच्या उजेडात माझ्या हातानं लिहिलेला, वर फक्त लेटरहेड साहेबांचं.

काम जिल्हा नियोजनात बसलं. कार्यारंभ आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला, कारण मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. नारळ फुटला, फोटो झाला. खोली उभी राहिली ती विधानसभेच्या तोंडावर, आणि तेव्हा मी एक चमत्कार बघितला. बिल थकलं म्हणून आठ महिने तोडलेली शाळेची लाईट दोन दिवसांत आली. रॅम्प झाला, पाण्याची टाकी बसली. शाळा मतदान केंद्र आहे ना! पोरांसाठी जे होत नव्हतं ते एका दिवसाच्या मतदारासाठी झालं. २० नोव्हेंबर २०२४ ला त्याच नव्या खोलीत मी मत दिलं, भिंतीला चुन्याचा वास येत होता. दोन मास्तरांपैकी एक निवडणुकीच्या कामावर होते, बरं का. कायद्यात ते काम शिक्षकांना लावता येतं, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

पहिल्याच पावसात खिडकीच्या वर ओल आली. कोनशिलेवर पाच नावं आहेत, समितीचं नाही. मला नाव नको होतं. (थोडं हवं होतं.)

तर आता तुमचा मुद्दा. अहवालातलं काम खरं आहे का बघायचं असेल तर आकडा बघू नका, लेखाशीर्ष विचारा, म्हणजे पैसा कुठल्या खिशातला. आमदार निधी, जिल्हा नियोजन की समग्र शिक्षा? ग्रामपंचायतीत किंवा बांधकाम उपविभागात अंदाजपत्रक आणि कार्यारंभ आदेशाची प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. आणि शाळेची ठराववही उघडून तारखा जुळवा. ठराव आधीचा असेल तर काम तुमच्या गावानं मागितलेलं आहे, पत्र नंतरचं आहे. समितीत पाऊणभर पालकच असतात, त्यातला एखादा तुमच्या ओळखीचा निघेलच.

मत कुणाला द्यावं ते मी सांगणार नाही. पण आमदाराच्या अहवालावर झेडपीचं मत देऊ नका, हे नक्की सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२६ पर्यंत निवडणुका उरका असं २०२५ मध्ये सांगितलं होतं. दारात येईल त्या उमेदवाराला एकच विचारा, शिक्षण समितीच्या सभेत आमच्या शाळेचं काय मांडणार? "साहेबांशी बोलून सांगतो" म्हणाला तर समजा तो तुमचा सदस्य नाही, त्यांचा पोस्टमन आहे. मतं दोन द्यायची असतात, एक झेडपीच्या गटाला, एक पंचायत समितीच्या गणाला. गणाचं मत लोक वाऱ्यावर सोडतात, तसं करू नका, पंचायत समितीच्या पायऱ्या त्याच माणसासाठी चढायच्या आहेत. आणि यादी विधानसभेचीच वापरतात, त्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची ठरली होती. त्यानंतर नाव घातलेलं तेव्हा चालणार नव्हतं.

हे सगळं सगळीकडे लागू नाही. नागपूर, अकोला, वाशीम, धुळे, नंदुरबार, पालघर इथल्या झेडप्या २०२० मध्ये निवडल्या गेल्या, त्यांची रिकामी वर्षं आमच्याएवढी नाहीत. शहरात शाळा नगरपालिकेची असेल तर गणित वेगळं. आणि खरं सांगायचं तर ते पत्र गेलं नसतं तर पोरं अजून देवळात असती. साहेबांनी चार पैसे मागितले नाहीत, मजकूर तपासला नाही एवढंच.

भाऊबीजेला ताईकडे गेलो तेव्हा ठराववहीतल्या त्या पानाची झेरॉक्स आणि अहवाल दोन्ही पिशवीत घेऊन गेलो होतो. फराळाचं ताट बाजूला सारून दाजींपुढे दोन्ही उघडली. त्यांनी चष्मा लावला. माझा चार बघितला, साहेबांचा चार बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. चकली मोडली, म्हणाले, "मग आधी सांगायचंस की. मला वाटलं मीच चुकीचं टाईप केलं, म्हणून तीन वर्षं गप्प होतो."