गाम्पोंगचा कारभार

प्रश्न : इंडोनेशियातील आचे प्रांतात शेतकरी गावाचा कारभार कसा चालतो?

उत्तर : तेथे गावाला ‘गाम्पोंग’ आणि गावप्रमुखाला ‘कउचिक’ म्हणतात, 2006 च्या आचे शासन कायद्यातही ही रचना मान्य केलेली आहे. खरी गंमत भातखाचरांत आहे. पेरणी केव्हा करायची, पाटाचे पाणी आधी कोणाच्या खाचरात सोडायचे आणि त्यावरून होणारे तंटे कसे मिटवायचे, हे ‘कउज्रुएन ब्लांग’ पाहतो. एका अर्थी तो पाटकरीच, पण त्याचा मान मोठा. हंगामापूर्वी शेतकरी एकत्र जमून प्रार्थना करतात आणि सहभोजन घेतात, त्यास ‘कांदुरी ब्लांग’ म्हणतात. बैठका व मुलांचे कुराणपठण ‘मउनासाह’मध्ये, म्हणजे गावाच्या प्रार्थनागृहात, होते. परंपरेने नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, म्हणूनच पत्नीला ‘पो रुमोह’, म्हणजे घराची मालकीण, म्हणतात.