चित्राला गणिताची गरज पडावी

प्रश्न : मी जव्हार तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत तिसरी व चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. गणित आणि परिसर अभ्यास हे विषय कलेच्या माध्यमातून शिकवावेत, असे प्रशिक्षणात सांगितले जाते. त्यानुसार पाठ झाला की मी त्यावर चित्र काढून घेते. गुणाकारानंतर फळांच्या रांगा रंगवून घेतल्या. मुले आनंदाने रंगवतात, परंतु पाढा जिथे अडत होता तिथेच अडतो. शाळेत नुसती चित्रेच काढतात का, असे पालकही विचारतात. माझे कोठे चुकते आहे?
— एक शिक्षिका

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘पाठ झाला की’ या शब्दांत अडचणीचे मूळ आहे, असे मला वाटते. फळांच्या रांगा रंगवताना मुलाला गुणाकार लागतच नाही. रांगेत चार आंबे असोत वा सहा, रंग सारखाच भरता येतो. ज्या कृतीत संकल्पना वापरल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही, तीच निवडावी. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीमचा आग्रहही असाच होता : हस्तोद्योग हा शिक्षणाला जोडलेला वेगळा तास नसून शिक्षणाचे माध्यम आहे.

गुणाकारासाठी ठिपक्यांची रांगोळी घ्या. व्हरांड्याच्या फरशीवर मुलांना खडूने ‘४ ते १’ ठिपके मांडू द्या. मधल्या ओळीत ४ आणि दोन्ही बाजूंना उतरत ३, २, १. मुले एकेक ठिपका मोजून १६ सांगतील. ‘५ ते १’ मांडल्यावर २५ आणि ‘६ ते १’ मांडल्यावर ३६ होतात. हे आकडे पाढ्यांत भेटलेले आहेत, हे कोणाच्या तरी लक्षात येईल. त्या वेळी कारण सांगण्याची घाई कृपया करू नका. त्यांना तेच ठिपके तिरक्या ओळींनी मोजायला लावा, म्हणजे ४ ठिपक्यांच्या ४ ओळी त्यांच्या त्यांनाच दिसतील. मग ‘७ ते १’ मांडण्यापूर्वीच किती ठिपके लागतील, हे विचारा. एखादा ठिपका चुकला तर रेषा जुळत नाही, त्यामुळे चूक तुम्हाला दाखवावी लागत नाही. हा या कृतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण आहे.

चौथीच्या अपूर्णांकांना रद्दी कागदाचा चौरस पुरतो. एकाने तो उभा दुमडून आयत करावा, दुसऱ्याने कर्णावर दुमडून त्रिकोण करावा, आणि दोन्ही अर्धे सारखे आहेत का, यावर वर्गाला वाद घालू द्यावा. त्रिकोणाच्या एका समान बाजूच्या मध्यापासून दुसऱ्या समान बाजूला समांतर कापले आणि सुटलेला लहान त्रिकोण फिरवून जोडला, की तोच आयत तयार होतो.

परिसर अभ्यासासाठी तुमच्या भागात वारली चित्रकला घरातच आहे. मात्र तिच्यातून केवळ त्रिकोण आणि वर्तुळे मोजून घेणे हा त्या कलेवर अन्याय ठरेल. लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक (लग्नाचे चौकोनी चित्र) कोण लिहिते, तांदळाचे पीठ व गेरू कोठून येतात, चित्रात कोणती झाडे आणि कोणती कामे दिसतात, हे मुलांनी आजीला विचारून यावे आणि त्या माहितीवरून आपल्या पाड्याचे चित्र एकत्र काढावे. विहीर, शेत व शाळा यांच्या दिशा ठरवताना नकाशावाचन आपोआप सुरू होते.

प्रत्येक पाठाला कला जोडण्याचा अट्टहास नको. आठवड्यातून दोन तासिका नीट झाल्या तरी पुष्कळ आहे. आकारिक मूल्यमापनाच्या (शिकणे चालू असतानाच होणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदीत चित्र किती सुबक आहे यापेक्षा मुलाने ते काढताना काय स्पष्ट केले, हे लिहावे. पालकांना समजावून सांगण्यापेक्षा पुढच्या पालकसभेत त्यांना मुलांसमोर बसवा आणि ‘८ ते १’ रांगोळीला किती ठिपके लागतील, हे मुलांनाच त्यांना विचारू द्या.