७ इंची दोन टॅबपेक्षा ११ इंची एकच घ्या

ताई, दोन टॅब नका घेऊ ओ. एकच घ्या, पण मोठा घ्या.

मागाहून वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहितो. घर सोलापूरच्या विडी घरकुलात, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. मुलीची एनएमएमएसची, म्हणजे आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेची, शिकवणी संध्याकाळी ऑनलाइन असते, मुलाच्या बाई अधूनमधून गुगल मीटवर वर्ग घेतात आणि दोघांचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. बजेट १२ हजार. नवी पेठेत दुकानदाराने ६ हजारांचा ७ इंची टॅब दाखवला आणि 'दोन घ्या, घरात भांडणच नको' म्हणाला. हिशेब चोख आहे, फक्त त्याच्या बाजूने.

घरात फोन आहेच ना? साडेसहा इंची फोन आडवा धरला की पडद्याची रुंदी जवळपास ६ इंच भरते. ७ इंची टॅब आडवा धरला तरी ६ इंचच भरते. म्हणजे अक्षर फोनवर दिसतं तेवढंच दिसणार, फक्त खाली दोन-चार ओळी जास्त. त्यासाठी ६ हजार मोजायचे, आणि तेही दोनदा?

मुलांना टॅबवर बघायचं काय असतं, तर बाईंनी पाठवलेल्या पीडीएफ, सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि बालभारतीची पुस्तकं. ही सगळी पानं साधारण ए-फोर आकाराची, म्हणजे सव्वाआठ इंच रुंद. ७ इंची टॅब उभा धरला तर रुंदी मिळते साडेतीन इंच. छापील अक्षर निम्म्याहून लहान होतं. मग बोटांनी पान मोठं करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, तोवर सरांनी पुढचं गणित घेतलेलं असतं. ११ इंची टॅब उभा धरला तर पावणेसहा-सहा इंच रुंदी मिळते, छापील अक्षराच्या ७० टक्के. पूर्ण पान एका नजरेत वाचता येतं. मधला पर्याय म्हणजे ८.७ इंची. तो चालतो, पण ११ इंचीच्या पडद्याचं क्षेत्रफळ त्याच्या १.६ पट आहे. किमतीतला फरक मात्र बऱ्याचदा तेवढा नसतो.

दुकानात हे डोळ्यांनी बघून घ्या. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून आठवीच्या विज्ञानाचं किंवा गणिताचं पीडीएफ आधी फोनमध्ये उतरवून न्या. दुकानात ते टॅबवर पाठवा, टॅब उभा धरा आणि मुलीला आकृतीखालची बारीक ओळ वाचायला सांगा. डोळे बारीक केले, मान पुढे गेली, तर तो टॅब परत द्यायचा. मेगापिक्सेल, कोअर वगैरे भाषण त्यानंतर ऐकायचं.

आता भांडणाचं. केंद्राच्या शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना काढल्या होत्या. त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३०-४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच ऑनलाइन सत्रं सांगितली होती, आणि नववी ते बारावीसाठी चार. तुमची दोन्ही मुलं आठवीच्या आतली. म्हणजे त्या हिशेबाने दोघांचं मिळून दिवसाला फार तर तीन तासच होतात, आणि मुलीची शिकवणी संध्याकाळी आहे. वेळा एकमेकांवर येतातच कुठे? चुकून आल्याच, तर तिसरीचा वर्ग फोनवर होऊ द्या. तिसरीत बाईंचा चेहरा आणि आवाज पुरतो, आठवीत फळा वाचावा लागतो. टॅबवर पहिला हक्क मुलीचा, हे पहिल्याच दिवशी मुलासमोर सांगून टाका. तो लहान आहे म्हणून दोन दिवस रडेल, रडू द्या. एनएमएमएस लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, टॅबचे पैसे पोरगीच फेडेल.

खरेदीला गेल्यावर रॅम ४ जीबी आणि स्टोरेज ६४ जीबी, याच्या खाली उतरू नका. ३ जीबीत मीट सुरू ठेवून बाजूला पीडीएफ उघडलं की अडकायला लागतं. '४ अधिक ४, म्हणजे ८ जीबी' असं कोणी सांगितलं, तर त्यातले पहिले ४ खरे. दुसरे ४ म्हणजे स्टोरेजमधली जागा रॅम म्हणून उसनी घेतलेली असते, वेग तो मिळत नाही. ३२ जीबीवाल्यात बरीच जागा अँड्रॉइड स्वतःच खातो. उरलेल्या जागेत व्हॉट्सअ‍ॅपवरचे शाळेचे व्हिडिओ दोन महिन्यांत भरतात, मग रोज पुसापुशी. मेमरी कार्डाची खाच असली की उतरवलेले तास त्यात टाकता येतात.

६ हजारांच्या त्या टॅबवर कंपनीचं कुठलं नाव होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. अनोळखी नाव, '५जी, १२ जीबी, ५१२ जीबी' असं खोक्यावर मोठ्या अक्षरात आणि किंमत पाच-सहा हजार, असं काही असेल तर हातसुद्धा लावू नका. असल्या टॅबमध्ये सेटिंगच्या पानावर दिसणारे आकडेसुद्धा खोटे भरलेले असू शकतात. दोन तपासण्या दुकानातच होतात. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या चित्रावर दाबा, सेटिंग्जमध्ये शेवटच्या 'अबाउट'मध्ये जा. तिथे प्ले प्रोटेक्टखाली टॅब 'सर्टिफाइड' आहे असं दिसलं पाहिजे. आणि खोक्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह व 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो नसेल तर तिथून निघा. बॅटरी घरात चार्जिंगला लागणार आहे, पोरं शेजारी झोपणार आहेत.

सिमवाला की वायफायवाला, याचं उत्तर तुमच्या घरात आहे. सिमवाला घेतला की त्याच मॉडेलला दोन-चार हजार जास्त पडतात, वर महिन्याचं वेगळं रिचार्ज. वायफायवाला स्वस्त, पण त्याला हॉटस्पॉट देणारा फोन वर्गाच्या वेळी घरात हवा. दाजींचा फोन पाळीला त्यांच्याबरोबर कारखान्यात जात असेल आणि तुमचा साधा बटणांचा असेल, तर वायफायचा टॅब शोभेची वस्तू होऊन बसेल. तुमच्याकडे इंटरनेटवाला फोन असेल किंवा गल्लीत केबलवाल्याचं ब्रॉडबँड आलं असेल, तर डोळे झाकून वायफायवाला घ्या आणि वाचलेले पैसे पडद्याला घाला. ऑनलाइन वर्गाला तासाला साधारण १ जीबी डेटा धरून चाला. रोज दीड जीबीच्या रिचार्जमध्ये दोघांचे वर्ग बसणार नाहीत. दोघांचे मिळून तीन तास भरले तर २ जीबीही पुरणार नाही, ३ जीबीचं बघा. मुलाने वर्गात स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला तर थोडा डेटा वाचतो, पण बाई ओरडतील.

कॅमेऱ्याबद्दल दुकानदार मेगापिक्सेल सांगेल. तुम्ही विचारायचं 'ऑटोफोकस आहे का'. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, ते सरकारच्या दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. पुस्तकातल्या या क्यूआरचं मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे बरं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आधी करून दाखवले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण स्वस्त टॅबच्या मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा ऑटोफोकस नसतो. छोटा कोड त्याला धूसरच दिसतो, आणि मुलं म्हणतात अ‍ॅप बिघडलं. दुकानात जाताना मुलाचं पुस्तक पिशवीत न्या, तिथेच एक कोड स्कॅन करून बघा. टॅब घरी आल्यावर एखादा कोड नाहीच झाला, तर त्याच्याखाली छापलेली सहा अक्षरं दीक्षामध्ये टाइप केली तरी चालतं. धडे उतरवूनही ठेवता येतात. महावितरणने वीज घालवली आणि ब्रॉडबँड बंद पडलं तरी अभ्यास चालू राहतो.

पुढचा कॅमेरा टॅबच्या लांब बाजूला असला तर उत्तम. आखूड बाजूला असेल तर टॅब आडवा ठेवल्यावर मूल सतत कुठेतरी कडेला बघतंय असं सरांना वाटतं. जमलं तर बघा, यासाठी अडून बसू नका.

हेडफोनची साधी ३.५ मिलिमीटरची खाच मात्र हवीच. शेजारी यंत्रमाग असेल तर त्या खटखटीत टॅबच्या स्पीकरमधून काय ऐकू येणार? माइक असलेला वायरचा हेडफोन दोनशे-तीनशे रुपयांत येतो, त्याला चार्जिंग लागत नाही आणि लहान मूल तो हरवत नाही. ब्लूटूथवाला एक कान आठवड्यात गायब होतो.

मॉडेलची नावं विचारलीत म्हणून सांगतो, पण किमती सारख्या हलतात, त्या दिवशीचा भाव बघूनच ठरवा. रेडमी पॅड एसई ११ इंची आहे, चिप स्नॅपड्रॅगन ६८०, बॅटरी ८००० एमएएच, हेडफोनची खाच आणि कार्डाची सोय दोन्ही, पण फक्त वायफाय. बाजारात आला तेव्हा ४ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजवाला १२,९९९ ला होता. भाव तुमच्या १२ हजारांत आला, तर तुमच्या गरजेला तो नेमका बसतो. लेनोवो टॅब एम११ त्याच गटातला. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस ११ इंची, चिप थोडी वरची, पण बजेटच्या बाहेर जाईल. सणासुदीला सूट असेल तरच बघा.

नावांत फसू नका. 'ए९' ८.७ इंची आहे आणि 'ए९ प्लस' ११ इंची. 'रेडमी पॅड एसई' ११ इंची, तर 'रेडमी पॅड एसई ८.७' नावाप्रमाणे लहान. दुकानात घाईगडबडीत, किंवा मुद्दाम, एकाच्या किमतीत दुसरा हातात येतो. खोक्यावरचा पडद्याचा आकार स्वतः वाचा, आणि पडदा १९२० गुणिले १२०० चा आहे ना तेही. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. घ्यायच्या आधी कंपनीच्या संकेतस्थळावर ४१३००१ हा पिन टाकून सोलापुरात अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे का बघा. नसेल तर पडदा फुटल्यावर टॅब पुण्याला पाठवायचा आणि पंधरा दिवस वाट बघायची. कव्हर आणि काच त्याच दुकानात त्याच दिवशी बसवून घ्या. नवीन पडद्याचा खर्च ऐकलात तर काचेचे तीनशे रुपये जड वाटणार नाहीत.

सेकंडहँड? ओळखीच्या माणसाकडून मिळत असेल तर वाईट नाही, १२ हजारांत एक पायरी वरचा टॅब येतो. सिमवाला असेल तर डायलरमध्ये स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, काढा आणि इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीतला असेल तर उत्तरात कळतं. वायफायवाल्याला आयएमईआय नसतो, तिथे मूळ बिलच मागायचं. विकणाऱ्याचं गुगल खातं त्याच्याच हाताने, तुमच्यासमोर काढून घ्या. ते आत राहिलं आणि तुम्ही टॅब रीसेट केला, तर तो त्याच्या पासवर्डशिवाय उघडणारच नाही.

आणि आपला उन्हाळा. बॅटरीवाल्या यंत्रांना साधारण ३५ अंशांपर्यंतची हवा मानवते, आपल्याकडे एप्रिलमध्येच पारा चाळिशीच्या वर. पत्र्याच्या खोलीत दुपारी वर्ग असेल तर जाड कव्हर काढा, चार्जिंगला लावून वर्ग करू देऊ नका, गादीवर ठेवू नका. फरशीवर किंवा स्टीलच्या ताटाला टेकवून ठेवला तरी फरक पडतो. चार्जिंग पहाटे करा. ८००० एमएएचची बॅटरी सावकाश भरते, संध्याकाळच्या शिकवणीआधी तासभर लावून काही होणार नाही.

घरी आणल्यावर मुलाचं खातं गुगलच्या फॅमिली लिंकमध्ये तुमच्या फोनला जोडा. रोजची वेळ, झोपेची वेळ आणि कुठलं अ‍ॅप घ्यायचं, हे तिथून ठरवता येतं. मुलीला गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी चालू करून द्या, बोलून टाइप करता येतं. गल्लीत तेलुगू, कन्नड माध्यमाची मुलं असतील तर त्यांच्याही भाषा त्यात आहेत.

तुमच्याकडे वर्गाच्या वेळी घरात इंटरनेटवाला फोन असतो का, आणि त्या ६ हजारवाल्या टॅबचं नाव काय होतं, एवढं लिहा. सिमवाला की वायफायवाला ते मग नक्की सांगता येईल. तोवर दुकानदाराला बयाणा देऊ नका.