मोर्चा संपल्यावर काय करायचं

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. कलेक्टर ऑफिसवर मोर्चा दणक्यात झाला, पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या, साहेबांनी शिष्टमंडळाला आत बोलावून चहा दिला आणि पर्यायी जागा दिल्याशिवाय एकही घर पाडणार नाही असं सांगितलं, आणि खाली तू लिहिलंयस "मावशी आपण जिंकलो". वाचून खूप बरं वाटलं गं. नदीकाठच्या वस्तीतल्या बायका कामाचा खाडा करून, पोरं शेजारी ठेवून एवढ्या लांब चालत येतात ही साधी गोष्ट नाही. पण साहेब जे बोलले ते कागदावर कुठंय? हे आधी बघ.

त्या बैठकीचं इतिवृत्त, म्हणजे काय बोलणं झालं आणि काय ठरलं त्याची नोंद, लेखी मागायचं, उद्याच. बहुतेक वेळा ते लगेच मिळत नाही, साहेब दौऱ्यावर असतात, क्लार्क म्हणतो पुढच्या आठवड्यात या. म्हणून वाट बघत बसायचंच नाही, आपणच पत्र लिहायचं, की अमुक तारखेला अमुक वाजता आपल्या दालनात बैठक झाली, आमच्याकडून हे हे लोक हजर होते, आपण हे हे आश्वासन दिलंत, यात काही चुकीचं असेल तर आठ दिवसांत कळवावं. ते पत्र ऑफिसच्या आवक-जावक खिडकीवर, जिथं येणारे कागद नोंदवतात तिथं, द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. साहेबांची बदली होते, नवे येतात ते म्हणतात मला काही माहिती नाही, तेव्हा तो शिक्का मारलेला कागदच टेबलावर ठेवता येतो. मोर्चाचा जोर चार दिवस टिकतो, त्या चार दिवसांतच ही कामं उरकायची असतात आणि नेमके तेव्हाच आपले कार्यकर्ते दमून घरी झोपलेले असतात.

मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची केस तू अभ्यासात वाचली असशील, ओल्गा टेलिस, सुप्रीम कोर्ट, 1985. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो हे वाक्य सगळे भाषणात म्हणतात आणि ते म्हटलंच पाहिजे. पण निकाल पुढं वाच. कोर्टानं लोकांना हलवायला मनाई केली नव्हती, पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले, आणि 1976 च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्या असं सांगितलं. म्हणजे एवढ्या मोठ्या निकालातसुद्धा ज्याच्याकडं कार्ड होतं त्याचंच नाव पुढं सरकलं. मी गेली कित्येक वर्षं वस्त्यांत हेच सांगत फिरतेय.

आता तुझी वस्ती. पहिलं हे शोधून काढ की जागा कुणाची, महापालिकेची, महसूलची, पाटबंधारेची का खाजगी, आणि झोपडपट्टी घोषित आहे का नाही. घोषित असेल तर झोपडपट्टी कायद्यात 1 जानेवारी 2000 ही तारीख महत्त्वाची, त्याच्या आधीच्यांना संरक्षण आहे, आणि त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून घर मिळायची तरतूद आहे. म्हणून प्रत्येक घराचा सगळ्यात जुना पुरावा शोधायचा. मतदार यादीतलं नाव, लाईट बिल, घरपट्टीची पावती, पोराचा शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड. दुसरं म्हणजे 13 नोव्हेंबर 2024 चा सुप्रीम कोर्टाचा बुलडोझरनं घरं पाडण्याबद्दलचा निकाल हल्ली सगळे मोबाईलवर दाखवतात, पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडता येत नाही म्हणून. खरंय, पण त्याच निकालात रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी-तलाव इथल्या अनधिकृत बांधकामांना ते लागू नाही असंही लिहिलंय. तुमची वस्ती नदीला लागून आहे. लोकांना अर्धीच गोष्ट सांगून धीर देऊ नकोस, उद्या मशीन आलं तर त्यांचा तुझ्यावरचा विश्वासच उडेल.

सर्व्हे कसा करायचा ते सांगते. 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटाच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी पंचेचाळीस, म्हणजे तुझ्या वस्तीत काय झालं असेल तुला कळेल. पाणी ओसरल्यावर आम्ही एका वस्तीत घरोघर फिरत होतो, एका आजींनी पत्र्याच्या पेटीतनं कागदांचा गठ्ठा काढला तर तो चिकटून एकच लगदा झालेला. आजी चुलीपाशी बसून एकेक पान नखानं सोडवत होत्या, वरचं रेशनकार्ड फाटलं, त्याच्या खालच्या घरपट्टीच्या पावतीवर शाई पसरलेली, फक्त पावतीचा नंबर आणि वर्ष वाचता येत होतं. तेवढ्यावर महापालिकेत अर्ज करून त्या वर्षाचा उतारा मागितला आणि तो मिळाला. तेव्हापासून प्रत्येक घराच्या कागदांचे दोन झेरॉक्स संच करायचे हे ठरलं, एक घरात प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर, एक वस्तीच्या बाहेर कुणाच्या तरी विश्वासाच्या घरी, आणि सगळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये. तुझ्या एकटीच्या मोबाईलमध्ये नको. वस्तीतल्या तीन-चार बायकांच्या मोबाईलमध्ये असू देत. नोंदवही पण त्यांनाच लिहायला लाव, अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल, कारण ज्या बाईनं स्वतः आपल्या गल्लीतली चाळीस घरं लिहून काढली ती साहेबासमोर अडखळत नाही, तिला घर नंबर सात आणि आठच्या मधी भिंत कधी पडली ते पण पाठ असतं.

तू स्वतः कोयना धरणग्रस्तांच्या वसाहतीत वाढलीस त्यामुळं हे तुला मी सांगायची गरज नाही खरं तर. धरण उभं राहिलं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो 1976 साली आला, तोही धरणग्रस्तांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर येऊन, बाबा आढावांसारखी माणसं बरोबर उभी राहिली म्हणून. आधी पुनर्वसन मग धरण ही घोषणा आपल्याच भागातल्या माणसांच्या तोंडी रुळली. आणि तरी कोयनेचे लोक 2018 मध्ये परत कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते, धरण होऊन पन्नास वर्षं उलटल्यावर, नातवंडांना घेऊन. तुझ्या आजोबांच्या तोंडात संकलन हा शब्द किती वेळा ऐकला असशील, म्हणजे कुणाची किती जमीन गेली आणि कुणाला काय मिळायचं त्याची सरकारी नोंद, त्या संकलन रजिस्टरला नाव चुकलं, खातेदाराचा एक भाऊ राहिला, की त्या घराची जमीन अडकलीच. ते रजिस्टर सरकारनं बनवलं आणि लोकांनी नंतर दुरुस्त्या मागत आयुष्य घालवलं. तुझ्या वस्तीत अजून सरकारी सर्व्हे व्हायचाय ना? मग आपली यादी आधी तयार पाहिजे, म्हणजे त्यांचा माणूस येईल तेव्हा ताडून बघता येईल.

आता जरा अवघड बोलते. यादी करताना भांडणं होणार. भाडेकरूचं नाव घालायचं का घरमालकाचं, एका खोलीत दोन भावांचे संसार आहेत तर घरं दोन धरायची का एक, नवऱ्यानं टाकलेली बाई भावाच्या दारात पत्रा टाकून राहते तिचं वेगळं घर मानायचं का. सोपं पडतं म्हणून हे प्रश्न टाळले जातात, आणि मग घरं मिळायची वेळ आली की वस्ती दुभंगते. आपल्या सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं त्याची गोष्ट नीट माहिती करून घे. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार, दुष्काळ, नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेतायत, आणि लोक म्हणाले वाळू आमची, तिच्या पैशातनं आम्ही धरण बांधतो. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की ज्यांना जमीन नाही त्यांनाही पाण्याचा वाटा, हे त्यांनी आपसात मान्य केलं होतं. सरकारकडं न्याय मागणाऱ्यांनी आधी आपल्यात कसं वाटून घ्यायचं ते ठरवलं. आपल्या भागात परित्यक्ता बायकांनीसुद्धा स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि डोक्यावर छप्पर मागत लढा दिलाय, तो आठवून टाकलेल्या बाईचं नाव यादीत वेगळं घाल, कुणी कितीही ओरडलं तरी. घरकुल मंजूर झालं तर ते बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर मागायचं, पंतप्रधान आवासमध्ये तशी सोय आहेच.

पैशाचं थोडक्यात. घरटी वर्गणी घ्यायची, दहा रुपये का असेना, पावती द्यायची आणि हिशोब महिन्याला वस्तीत वाचून दाखवायचा. कुणी नगरसेवक मोर्चाच्या गाड्यांचे पैसे देतो म्हणाला तर हात जोडायचे. निवडणुकीच्या तोंडावर सगळेच पक्ष येतील, सगळ्यांकडून लेखी पाठिंबा घे, स्टेज कुणालाच देऊ नकोस.

आणि तू एकटीनं सगळीकडं पळू नकोस. प्रांत ऑफिसला गेलीस तर दरवेळी वस्तीतल्या दोन वेगळ्या बायका बरोबर पाहिजेत. वेळ लागतो, रिक्षाचं भाडं जातं, त्यांना टोकन कुठं घ्यायचं ते दाखवावं लागतं, पण सहा महिन्यांनी तुला परीक्षेला बसायचंय, तेव्हा काम थांबायला नको. अभ्यास सोडायचा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाक, मला ते अजिबात चालणार नाही.

रविवारी सकाळी मी एसटीनं येते, दहाच्या आत पोचेन. तोवर इतिवृत्ताचं पत्र देऊन शिक्का घेऊन ठेव, जागेचा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढ आणि प्रत्येक गल्लीतनं लिहिता-वाचता येणाऱ्या दोघी-दोघी बायका ठरवून ठेव. रेघांच्या मोठ्या वह्या मी आणते.

तुझी
मावशी