पुढून धडक बसलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज कसा बांधावा?

तुम्ही लिहिले आहे की खेड शिवापूरजवळ पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक दाबला आणि तुमची 3 वर्षे 8 महिने जुनी, 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक त्याच्या मागच्या भागावर आदळली. बोनेट दुमडून वर आले, दोन्ही हेडलॅम्प फुटले, बंपर तुटला, खाली पाणी गळू लागले, पण एअरबॅग उघडल्या नाहीत. अधिकृत वर्कशॉपने 1,08,560 रुपयांचे एस्टिमेट दिले आहे आणि घराजवळचे गॅरेज तेच काम बिलाशिवाय 58,000 रुपयांत करून द्यायला तयार आहे. यातला कोणता आकडा खरा मानावा आणि विम्याचा दावा करावा की नाही, असा तुमचा प्रश्न आहे. मी मोटार विम्याचा परवानाधारक सर्वेक्षक आहे आणि पुढून ठोकलेल्या गाड्या पाहणे हेच माझे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हे दोन्ही आकडे बंपर उतरवण्याआधीचे आहेत, आणि पुढून धडक बसलेल्या गाडीत बंपर उतरवण्याआधीचा आकडा म्हणजे गाडी खोलण्यासाठी मागितलेली परवानगी असते, त्याहून अधिक काही नाही. बाहेरून दिसतात ते बंपर, ग्रिल, हेडलॅम्प, बोनेट आणि फेंडर (पुढच्या चाकांवरचा पत्रा). त्यांच्या मागे बंपरची पोलादी बीम, एसीचा कंडेन्सर, रेडिएटर, पंखा आणि त्याचे प्लास्टिकचे कव्हर, रेडिएटरला धरून ठेवणारी चौकट, बोनेटचे लॉक, हॉर्न, वायरिंग आणि सेन्सर असे सगळे काही एका वितीच्या अंतरात दाटलेले असते. त्याच्याही मागे, इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले पोकळ पोलादी साइड मेंबर असतात, ज्यांना गॅरेजमध्ये चॅसिसचे लेग म्हणतात. धडकेचा जोर कुठपर्यंत पोचला, यावरच खर्च ठरतो आणि ते बाहेरून सांगता येत नाही.

तरीही तुमच्या वर्णनातून बराच अंदाज करता येतो. टेम्पोचा मागचा भाग उंच असतो. गाडी त्याच्याखाली थोडी घुसते, त्यामुळे मार बंपरच्या बीमवर पूर्ण न बसता बोनेट, हेडलॅम्प आणि रेडिएटरच्या चौकटीची वरची पट्टी यांच्यावर बसतो. एअरबॅग न उघडण्याचे कारणही बहुधा हेच असावे: एअरबॅगचा निर्णय गाडीचा वेग किती झटक्यात कमी झाला यावर होतो, आणि भक्कम साइड मेंबर समोरच्या वाहनाला थेट भिडले नाहीत तर तो झटका मऊ बसतो. म्हणून एअरबॅग यंत्रणा बिघडली असे लगेच समजू नका, मात्र स्कॅनर लावून एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये काही एरर कोड नोंदला गेला आहे का, हे नक्की पाहून घ्या. एअरबॅग उघडल्या असत्या तर हिशेबच बदलला असता. दोन एअरबॅग, मॉड्यूल, सीट बेल्टचे प्रिटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा ताणून धरणारी यंत्रणा), बहुतेक वेळा डॅशबोर्ड आणि कधी पुढची काचही बदलावी लागते, आणि छोट्या गाडीत एवढ्यानेच खर्च टोटल लॉसच्या, म्हणजे गाडी दुरुस्त करणे परवडत नाही असे मानण्याच्या, दिशेने सरकू लागतो. दुरुस्तीचा एकूण खर्च पॉलिसीवरील आयडीव्हीच्या (गाडीची विम्यासाठी ठरवलेली किंमत) 75 टक्क्यांहून अधिक झाला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. तुम्ही तिथून खूप दूर आहात.

आता दोन एस्टिमेटमधील फरकाकडे येऊ. एकूण रकमा शेजारी ठेवून त्यांची तुलना होत नाही. प्रत्येक ओळ घेऊन ‘बदलणार, दुरुस्त करणार की यादीतच नाही’ असे पाहावे लागते. तुम्ही पाठवलेल्या तपशिलात वर्कशॉप बोनेट, दोन्ही हेडलॅम्प, बंपर, रेडिएटर, कंडेन्सर आणि वरची पट्टी बदलणार आहे. गॅरेज बोनेट ठोकून सरळ करणार आहे, एका हेडलॅम्पच्या तुटलेल्या खुंट्या जोडणार आहे, बंपर मूळ कंपनीचा नसलेला लावणार आहे, आणि कंडेन्सरचा उल्लेखच केलेला नाही. म्हणजे 50,000 रुपयांच्या फरकातला मोठा भाग स्वस्त मजुरीचा नसून कमी कामाचा आहे.

बोनेटबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पत्र्यावर गोलसर पोचा असेल तर चांगला टिंकर तो असा काढतो की हात फिरवूनही कळत नाही, आणि पुण्यात नाना पेठेच्या आसपास असे कसबी कारागीर आजही आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण बोनेट घडी पडल्यासारखे दुमडले असेल, आतली जाळी वाकली असेल आणि लॉकच्या जागेचा पत्रा ताणला गेला असेल, तर ते ठोकत बसू नये. चालत्या गाडीचे बोनेट उघडून काचेवर आदळण्याचा धोका कोणत्याही बचतीपेक्षा मोठा आहे. शिवाय दुरुस्त करा किंवा नवे घ्या, रंगाचा खर्च टळत नाही, कारण नवे बोनेटही रंगाविना, फक्त प्रायमर मारून येते. दुरुस्तीच्या बाजूने हिशेब मांडताना ही गोष्ट लोक हमखास विसरतात. धातूची झाक असलेला रंग असेल तर बोनेटचा रंग शेजारच्या फेंडरवर थोडा उतरवून घ्यावा लागतो, नाहीतर उन्हात दोन छटा दिसतात. तुमच्या एस्टिमेटमध्ये फेंडरला मार नसताना रंग लिहिला आहे, तो याचसाठी असावा.

हेडलॅम्पची काच, म्हणजे खरे तर पॉलिकार्बोनेट, शाबूत असेल आणि फक्त खुंट्या तुटल्या असतील तर जोडकाम चालते; काही उत्पादक त्यासाठी वेगळे ब्रॅकेटही देतात. तुमचे तर दोन्ही दिवे फुटलेले आहेत. पार्टच्या किमतीची शंका असेल तर एस्टिमेटवर प्रत्येक पार्टचा क्रमांक लिहून मागा. त्या क्रमांकावरून काही उत्पादकांच्या संकेतस्थळांवर किंमत पाहता येते, आणि पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असतेच. गाडीचे व्हेरियंटही तपासा, कारण एकाच मॉडेलचा साधा हॅलोजन दिवा आणि एलईडी दिवा यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या बिलांशी तुलना करणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा की 22 सप्टेंबर 2025 पूर्वी सुट्या भागांवर 28 टक्के जीएसटी होता आणि आता तो 18 टक्के आहे.

आता विम्याचा हिशेब. तुमच्या एस्टिमेटची फोड अशी आहे: प्लास्टिकचे भाग 24,000, धातूचे भाग 36,000, रंगकाम 16,000, मजुरी 12,000 आणि कुलंट, एसीचा गॅस, क्लिपा, नट-बोल्ट असे किरकोळ साहित्य 4,000. बेरीज 92,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 16,560. तुमची पॉलिसी साधी आहे, झिरो डेप (घसारा न कापणारे जादा कलम) नाही, म्हणून घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याबद्दलची कपात, कापला जाईल. रबर, नायलॉन, प्लास्टिक, बॅटरी, टायर आणि एअरबॅग यांवर 50 टक्के, फायबरग्लासवर 30 टक्के, काचेवर काहीच नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. हे प्रमाण पहिल्या 6 महिन्यांत शून्य, वर्षापर्यंत 5, दोन वर्षांपर्यंत 10, तीनपर्यंत 15, चारपर्यंत 25, पाचपर्यंत 35, दहापर्यंत 40 आणि त्यापुढे 50 टक्के असते. तुमची गाडी तीन ते चार वर्षांच्या टप्प्यात येते, म्हणजे 25 टक्के. रंगकामात एकूण रकमेचा चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्यावर 50 टक्के घसारा लावतात.

त्यानुसार प्लास्टिकवर 12,000, धातूवर 9,000 आणि रंगावर 2,000 रुपये कापले जातील. किरकोळ साहित्याचे 4,000 रुपये वेगळे कलम घेतले नसेल तर मिळत नाहीत. हे झाले 27,000, आणि त्यावरचा जीएसटी धरून 31,860. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपयांची सक्तीची वजावट असते. म्हणजे तुमच्या खिशातून 32,860 जातील आणि कंपनी 75,700 देईल. त्यातून बदललेल्या भागांच्या भंगाराची किंमत थोडी वजा होईल. झिरो डेप असते तर हेच काम तुम्हाला सुमारे 5,720 रुपयांत पडले असते. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी याचा विचार जरूर करा.

दावा केल्याने नो क्लेम बोनस जातो, ही भीती योग्य आहे, पण तिचीही किंमत काढता येते. हा बोनस दाव्याविना गेलेल्या वर्षांगणिक 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढतो आणि तो केवळ ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्यांच्या नुकसानीच्या) हप्त्यावर नाही. तुम्ही सध्या 35 टक्क्यांवर आहात. दावा केला नाही तर पुढे 45 आणि मग कायम 50. केला तर 0, 20, 25, 35, 45 असे पुन्हा चढावे लागेल. दोन्हींतील फरक 45, 30, 25, 15 आणि 5, म्हणजे पाच वर्षांत मिळून एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या 1.2 पट. तुमचा मूळ ओन डॅमेज हप्ता 9,000 धरला तर 10,800 रुपये, आणि आयडीव्ही दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. तेव्हा दाव्याचा खरा खर्च 32,860 अधिक 10,800, म्हणजे 43,660 रुपये. अर्धवट कामाचे, बिल नसलेले 58,000 देण्यापेक्षा दावा करणेच तुमच्या हिताचे आहे. नुसता बंपर तुटला असता तर मी उलटा सल्ला दिला असता, कारण प्लास्टिकचा निम्मा खर्च कापला गेल्यावर हातात फारसे उरत नाही आणि बोनस मात्र पूर्ण जातो.

दावा करायचा असेल तर गाडीला कोणीही पाना लावण्याआधी विमा कंपनीला कळवा. नुकसान 50,000 रुपयांच्या वर असल्यामुळे परवानाधारक सर्वेक्षकाची पाहणी आवश्यक ठरते, आणि ती गाडी खोलण्यापूर्वी व्हायला हवी. खोलल्यावर आत सापडलेल्या नुकसानीचे पुरवणी एस्टिमेट वर्कशॉप देते आणि सर्वेक्षक पुन्हा येऊन ते पाहतो. तुटलेले पार्ट तोपर्यंत वर्कशॉपमधून हलू देऊ नका.

आणि एक अगदी तातडीचे. रेडिएटर गळत असताना गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवू नका, ‘वर्कशॉप जवळच आहे’ म्हणूनही नाही. पाणी संपून इंजिन तापले, त्याचे हेड (सिलिंडरवरचा भाग) वाकले, तर तो खर्च अपघाताचा मानला जात नाही, नंतरच्या वापराचा मानला जातो आणि साध्या पॉलिसीत नामंजूर होतो. अशी प्रकरणे नाकारण्याची वेळ माझ्यावर येते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण केवळ टोइंगचे पैसे वाचवायला माणसाने इंजिन गमावलेले असते. सर्वसाधारण पॉलिसीत टोइंगसाठी 1,500 रुपयांपर्यंत भरपाईही असते.

गाडी खोलल्यावर स्वतः एकदा वर्कशॉपमध्ये जा आणि साइड मेंबरची मापे घ्यायला सांगा, म्हणजे समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून, उत्पादकाने दिलेल्या मापांशी ताडून. मेंबरच्या पत्र्याला सुरकुती दिसली, किंवा त्यावरच्या सीलंटला ताजी भेग पडलेली दिसली, तर जोर आतपर्यंत गेला आहे असे समजावे. असा मेंबर बेंचवर (गाडी घट्ट बांधून चौकट ओढून सरळ करायच्या सांगाड्यावर) बांधूनच ओढला पाहिजे. गॅसने लाल करून ठोकला तर उच्च बलाचे पोलाद मऊ पडते आणि पुढच्या धडकेत ते ठरल्याप्रमाणे चुरगळत नाही. बोनेटच्या बाबतीत तडजोडीला थोडी जागा असते, इथे अजिबात नाही.

तुमच्या गाडीत साइड मेंबर सरळ निघाले तर पंख्याची मोटर, बोनेटचे लॉक, एसीचा पाइप आणि एखादे वायरिंग अशी भर पडून अंतिम बिल 1.15 ते 1.30 लाखांच्या दरम्यान जाईल असे मला वाटते, आणि तुमचा वाटा 35,000 ते 40,000. मेंबर ओढावा लागला तर बेंचची मजुरी आणि नंतरचे व्हील अलाइनमेंट वाढेल, पण मजुरीवर घसारा नसल्यामुळे त्यातले बहुतेक पैसे कंपनीच देईल. पुरवणी एस्टिमेट हातात आले की त्याची ओळवार फोड इथे टाका, मी पाहून सांगतो.